कलासचे चाक आणि बेकारियाचा हिशेब

१३ ऑक्टोबर १७६१. दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरात, रू दे फिलातिए या रस्त्यावर, ज्याँ कलास नावाच्या कापड व्यापाऱ्याचे घर होते. खाली दुकान, वर बिऱ्हाड. रात्रीचे जेवण आटोपल्यावर पाहुण्याला दिवा दाखवायला मुलगा पिएर जिना उतरला आणि त्याच्या आरोळीने शेजारपाजार जागा झाला. थोरला भाऊ मार्क-आंत्वान दुकानात मृतावस्थेत होता. गळ्यावर दोराचा वळ होता.

पाच महिन्यांनी, १० मार्च १७६२ रोजी, त्याच शहराच्या चौकात त्रेसष्ट वर्षांच्या बापाला चाकावर बांधून लोखंडी कांबीने त्याची हाडे मोडण्यात आली. त्यानंतर दोन तास तो जिवंत होता. मग गळा आवळून त्याचे प्रेत जाळण्यात आले. आरोप असा की, मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून प्रोटेस्टंट बापाने त्याचा जीव घेतला.

आज उपलब्ध पुराव्यांवरून पाहता ती जवळजवळ निश्चितपणे आत्महत्या होती.

युरोपातील ज्ञानोदय म्हटला की व्हॉल्टेअर, रूसो, मॉन्टेस्क्यू या नावांची यादी आणि ‘विवेक’, ‘स्वातंत्र्य’, ‘सहिष्णुता’ असे शब्द डोळ्यांसमोर येतात. (आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रबोधन’ हा शब्द बहुधा पंधराव्या-सोळाव्या शतकातील रेनेसाँसाठी वापरला जातो, म्हणून अठराव्या शतकातील या चळवळीसाठी येथे ‘ज्ञानोदय’ हा शब्द घेतला आहे.) पण विचारवंतांचे म्हणणे राजांनी ऐकले म्हणजे नेमके काय ऐकले, हे पाहायचे असेल तर एकच प्रश्न धरून शेवटपर्यंत जावे लागते. या धाग्यात तो प्रश्न आहे आरोपीच्या शरीराचा. त्या शरीराचे राज्याने काय करावे, याबद्दल १७४० ते १७९२ या अर्धशतकात जे बदलले आणि जे बदलले नाही, त्याची ही हकीकत.

आधी तुलूझकडे. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नान्तचा आदेश रद्द केल्यापासून फ्रान्समधील प्रोटेस्टंटांना कायद्याने अस्तित्वच नव्हते. जन्म, विवाह, मृत्यू यांची नोंद कॅथलिक पाद्र्याच्या वहीत. मार्क-आंत्वान कायदा शिकला होता; परंतु आपण कॅथलिक असल्याचा दाखला त्याला आणता येईना आणि त्याशिवाय वकिली करता येईना. तिशीच्या उंबरठ्यावरचा हा तरुण बापाच्या दुकानात दिवस काढत होता.

घरच्यांनी सुरुवातीला सांगितले की कोणा अनोळखी माणसाने त्याला मारले. हे खोटे होते आणि हेच त्यांना भोवले. पण ते खोटे का बोलले हे समजून घेतले पाहिजे. आत्महत्या हा तेव्हा गुन्हा होता आणि खटला मृतदेहावर चालत असे. प्रेत पालथे घालून रस्त्यातून फरफटत नेले जाई. मुलाची ही विटंबना टाळण्यासाठी बापाने पहिला जबाब दिला. पुढे तो बदलला, तेव्हा त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. गर्दीत कोणीतरी ओरडले की पोरगा धर्म बदलणार होता, म्हणून मारला. एक भाऊ आधीच कॅथलिक झालेला होता, त्यामुळे गोष्ट लोकांना पटली. चर्चने मार्क-आंत्वानला हुतात्म्याच्या थाटात कॅथलिक विधीने पुरले. त्याने कॅथलिक होण्याचे ठरवले होते याचा पुरावा मात्र कोणाकडेही नव्हता.

न्यायाधीशांची अडचण वेगळी होती. रोमन आणि चर्चच्या कायद्यातून आलेल्या तत्कालीन पुरावापद्धतीनुसार देहदंडासाठी ‘पूर्ण पुरावा’ लागे, म्हणजे दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा आरोपीची कबुली. अफवा, विसंगत जबाब, ऐकीव माहिती यांचा मिळून फार तर अपुरा पुरावा होई. आता बंद दारामागे झालेल्या मृत्यूला दोन साक्षीदार आणायचे कोठून? मग उरते कबुली. आणि कबुली मिळवण्याचे कायदेशीर साधन म्हणजे यातना. हा कोणा कोतवालाचा अत्याचार नव्हता. अपुरा पुरावा पूर्ण करून घेण्याची ती रीतसर पायरी होती. तिचे प्रकार ठरलेले होते आणि ती देताना कारकून बाजूला बसून जबाब लिहून घेत असे. हे ध्यानात घेतले नाही तर पुढचा सगळा वाद कळत नाही.

तुलूझच्या पार्लमाँने (हे नाव संसदेसारखे वाटले तरी ते उच्च न्यायालय होते) तेरापैकी आठ मतांनी कलासला दोषी ठरवले. शिक्षेपूर्वी साथीदारांची नावे काढून घेण्यासाठी त्याचे हातपाय ताणण्यात आले, तोंडात पाणी ओतण्यात आले. त्याने एकच उत्तर दिले : गुन्हाच झालेला नाही, तर साथीदार कोठून येणार? चाकावरही तो हेच म्हणत राहिला. न्यायाधीशांची त्यामुळे पंचाईत झाली. म्हाताऱ्या माणसाने एकट्याने धडधाकट मुलाला लटकवणे शक्य नव्हते, म्हणजे गुन्हा असलाच तर तो सगळ्यांचा असायला हवा होता. तरीही बापाच्या मृत्यूनंतर पिएरला हद्दपार करून बाकीच्यांना सोडून देण्यात आले. निकालावर न्यायालयाचाच विश्वास उरला नव्हता, असा याचा अर्थ होतो.

ही बातमी मार्चच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सीमेवरील फर्ने येथे पोहोचली. तेथे राहणारे व्हॉल्टेअर तेव्हा ६७ वर्षांचे होते. आधी त्यांना ही प्रोटेस्टंट धर्मवेडाचीच एक गोष्ट वाटली आणि त्यांनी तिच्यावर टवाळखोर शेरेही मारले. चित्रपटात असा नायक पहिल्याच क्षणी पेटून उठतो; प्रत्यक्षात व्हॉल्टेअर यांनी चौकशी केली. जिनिव्हाला पळून आलेला कलासचा धाकटा मुलगा दोना याला त्यांनी बोलावून घेतले, प्रश्न विचारले, तुलूझहून माहिती मागवली आणि मग त्यांचे मत पालटले.

पुढची तीन वर्षे त्यांनी केले ते काम आजच्या भाषेत ‘मोहीम’ या शब्दात बसते. मंत्र्यांना, सरदारांना, राजाच्या मर्जीतल्या स्त्रियांना पत्रे. पॅरिसमधील वकिलांकडून निवेदने. कुटुंबीयांच्या नावाने छोट्या पुस्तिका. आणि १७६३ मध्ये सहिष्णुतेवरील प्रसिद्ध ग्रंथ. कलासच्या विधवेला त्यांनी पॅरिसला पाठवले, कारण कागदापेक्षा काळ्या कपड्यातील बाई दरबाराला अधिक हलवील हे ते जाणून होते. पुढे कुटुंबाच्या मदतीसाठी त्यांचे एक कोरीव चित्र छापून वर्गणीने विकण्यात आले. जून १७६४ मध्ये राजाच्या परिषदेने तुलूझचा निकाल रद्द केला आणि ९ मार्च १७६५ रोजी पॅरिसमधील ४० न्यायाधीशांनी एकमताने ज्याँ कलासला निर्दोष ठरवले. तारीख मुद्दाम निवडलेली होती. बरोबर तीन वर्षांपूर्वी त्याच दिवशी शिक्षा सुनावली गेली होती. राजाने कुटुंबाला ३६,००० लिव्र दिले. तुलूझच्या पार्लमाँने मात्र हा निकाल आपल्या दप्तरात नोंदवला नाही.

येथे एक नवी गोष्ट घडली. न्यायालयाच्या वर आणखी एक न्यायालय आहे आणि ते म्हणजे वाचणारे लोक, ही कल्पना या खटल्याने युरोपात रुजवली. पण व्हॉल्टेअर यांचा लढा एका निरपराध माणसासाठी होता. अपुऱ्या पुराव्याची भर यातनेने करण्याची मूळ पद्धत तशीच होती. ती किती शाबूत होती हे लवकरच दिसले. १ जुलै १७६६ रोजी अबव्हिल येथे ल बार नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाला धर्मनिंदेबद्दल यातना देऊन शिरच्छेद केला गेला आणि त्याच्या देहाबरोबर व्हॉल्टेअर यांच्या ‘तात्त्विक कोशा’ची प्रत चितेवर टाकण्यात आली. ग्रंथकाराला ही निशाणी कोणासाठी आहे हे सांगावे लागले नाही. ते काही दिवस फ्रान्सची हद्द सोडून गेले.

पद्धतीवर घाव घातला तो आल्प्सपलीकडच्या एका आळशी समजल्या जाणाऱ्या तरुणाने.

मिलान तेव्हा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या ताब्यात होते. तेथे पिएत्रो वेर्री या सरदारपुत्राभोवती मित्रांचा एक अड्डा जमत असे. त्यांनी स्वतःच्या मंडळाला ‘ठोशांची अकादमी’ असे गमतीचे नाव दिले होते. पिएत्रोचा भाऊ आलेस्सांद्रो हा कैद्यांचा सरकारी रक्षक म्हणून तुरुंगात जात असे आणि तेथे पाहिलेले मित्रांना सांगत असे. चेझारे बेकारिया या मंडळातला बुजरा सदस्य. विषय मित्रांनी सुचवला आणि लिहिण्याचा तगादाही त्यांनीच लावला. १७६४ मध्ये ‘गुन्हे आणि शिक्षा यांविषयी’ हे लहानसे पुस्तक लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाले. लेखकाचे वय २६. मिलानमध्ये छापणे धोक्याचे असल्याने ते तोस्कानाच्या लिव्होर्नो बंदरात छापले गेले. हे तोस्काना राज्य या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

बेकारिया यांनी यातनेला क्रूर म्हटले, पण त्यांचा जोर तेथे नव्हता. त्यांनी हिशेब मांडला. वेदना म्हणजे सत्याची कसोटी, असे मानले तर सत्य स्नायूंत आणि नसांत असते असे मानावे लागेल. दणकट गुन्हेगार सोसून सुटेल, अशक्त निरपराध कबूल होऊन मरेल. निरपराध माणसाचे यात नुकसानच नुकसान आहे; गुन्हेगाराला निदान सुटण्याची एक संधी आहे. म्हणजे ही रीत ज्या कामासाठी आहे त्याच्या नेमके उलट काम करते.

शिक्षेबद्दलही तेच. गुन्हा रोखतो तो शिक्षेचा भयंकरपणा नव्हे, शिक्षा होणारच ही खात्री. आणि मृत्युदंड? नागरिकांनी समाज स्थापन करताना स्वतःचा जीव घेण्याचा अधिकार राज्याला दिलेला असणे शक्य नाही, असे ते म्हणतात. पण लगेच पुन्हा हिशेबाकडे वळतात. फाशी क्षणभर दिसते आणि लोक ती विसरतात. त्याऐवजी बेड्या घातलेला माणूस वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राबताना दिसला तर त्याचा धाक टिकतो. आजन्म गुलामी ही मृत्यूपेक्षा अधिक भीतिदायक आहे, म्हणून ती अधिक उपयोगी.

हे वाक्य लक्षात ठेवावे. दयेचा म्हणून गाजलेल्या या पुस्तकातील सर्वांत थंड वाक्य तेच आहे, आणि राजांनी सर्वांत लक्षपूर्वक वाचलेलेही तेच.

१७६६ मध्ये पुस्तक फ्रेंचमध्ये आले, त्याच वर्षी रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतही गेले, आणि व्हॉल्टेअर यांनी त्यावर भाष्य लिहिले. कलासचे चाक आणि बेकारियाचा हिशेब तेथे एकत्र आले. पॅरिसने लेखकाला बोलावून घेतले. पण बेकारिया यांना घरची इतकी ओढ लागली की सत्कार अर्धवट टाकून ते मिलानला परतले. पिएत्रो वेर्रीशी त्यांचे यावरूनही बिनसले. मैत्री पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही.

आता राजांकडे.

प्रशियाचा फ्रेडरिक दुसरा या बाबतीत बेकारिया यांच्या कितीतरी पुढे होता. ३१ मे १७४० रोजी तो गादीवर आला आणि ३ जूनला त्याने यातना बंद करण्याचा आदेश दिला. राजद्रोह, अनेकांचे खून आणि मोठ्या टोळ्या एवढे अपवाद ठेवले; १७५०च्या दशकाच्या मध्यास तेही काढले. मात्र पहिला आदेश न्यायाधीशांपुरताच होता. लोकांना त्याची वाच्यता होऊ दिली नाही. यातना बंद, पण यातनेचा धाक चालू. आणि याच राजाच्या सैन्यात चुकलेल्या शिपायाला दोन रांगांमधून चालवत सहकाऱ्यांकडून फटके देण्याची शिक्षा सुखेनैव सुरू राहिली. न्यायालयात वेदना निरुपयोगी होती, छावणीत उपयोगी होती. फ्रेडरिकला यात विसंगती दिसली नसावी.

रशियाच्या कॅथरीनने तर बेकारिया यांना थेट आपल्या राज्यात येण्याचे निमंत्रण दिले. ते गेले नाहीत. १७६७ मध्ये तिने नवी कायदेसंहिता रचण्यासाठी साऱ्या रशियातून प्रतिनिधी मॉस्कोला बोलावले आणि त्यांच्या मार्गदर्शनासाठी स्वतः ‘नकाझ’ म्हणजे सूचनापत्र लिहिले. त्याच्या पाचशेहून अधिक कलमांपैकी जवळपास निम्मी मॉन्टेस्क्यू यांच्याकडून आणि शंभरच्या आसपास बेकारिया यांच्याकडून उचललेली होती. तिने ही उसनवारी पत्रांतून हसत कबूलही केली. यातना निरर्थक आहे, शिक्षा सौम्य पण अटळ हवी, अशी वाक्ये एका सम्राज्ञीच्या सहीने छापली गेली आणि युरोपातील विचारवंत हरखले.

त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, आणखी एक फर्मान निघाले. भूदासांनी आपल्या मालकाविरुद्ध सम्राज्ञीकडे थेट अर्ज करू नये. केल्यास चाबकाचे फटके आणि सैबेरियातील नेरचिन्स्कच्या खाणीत सक्तमजुरी.

या फर्मानाचा अर्थ एका खटल्यावरून कळतो. मॉस्कोजवळची सरदारीण दार्या साल्तिकोवा आपल्या भूदासांना, विशेषतः स्त्रियांना, मारून मारून ठार करत असे. तक्रारी स्थानिक अधिकाऱ्यांकडे जात आणि दाबल्या जात. शेवटी १७६२ मध्ये दोन भूदासांनी कसाबसा थेट कॅथरीनपर्यंत अर्ज पोहोचवला. त्यांपैकी येर्मोलाय इल्यिन या एकाच माणसाच्या तीन बायका त्या घरात मेल्या होत्या. सहा वर्षांच्या चौकशीत ३८ खून सिद्ध झाले आणि १७६८ मध्ये साल्तिकोवाला मठाच्या तळघरात जन्मभर कोंडण्याची शिक्षा झाली. ज्ञानोदयाची ही कामगिरी म्हणून सांगितली जाते. पण ज्या वाटेने तो अर्ज आला ती वाट निकालाच्या आदल्याच वर्षी बंद झाली होती.

कायदेसंहिता झालीच नाही. १७६८च्या अखेरीस तुर्कांशी युद्धाचे कारण देऊन प्रतिनिधींना घरी पाठवण्यात आले. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १७७३ मध्ये, साठीचे दिदेरो सेंट पीटर्सबर्गला पोहोचले. विश्वकोशाच्या या संपादकाचे ग्रंथालय कॅथरीनने १७६५ मध्ये विकत घेऊन त्यांच्याच ताब्यात राहू दिले होते आणि वर त्यांना ग्रंथपालाचा पगारही सुरू केला होता. आभार मानायला आलेल्या दिदेरो यांना तिने दुपारमागून दुपार वेळ दिला. ते उत्साहाच्या भरात बोलत, हातवारे करत, रशियाच्या भूदासांविषयी प्रश्न विचारत. पुढे फ्रेंच राजदूत सेग्युर याने कॅथरीनच्या तोंडची म्हणून एक आठवण नोंदवली : तत्त्वज्ञ कागदावर काम करतो, कागद काहीही सोसतो, सम्राज्ञीला माणसाच्या कातडीवर काम करावे लागते आणि ती फार हळवी असते.

हा किस्सा नेहमी राज्यकर्त्यांच्या शहाणपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. त्या दुपारी चालू असताना उरल आणि व्होल्गाच्या प्रदेशात पुगाचेव्हचे बंड पेटलेले होते आणि हजारो भूदास मालकांच्या हवेल्या जाळत होते, हे त्यासोबत सांगितले जात नाही. कातडी कोणाची आणि ती किती काळ सोसत होती, हा प्रश्न दिदेरो विचारत होते. जानेवारी १७७५ मध्ये पुगाचेव्हला मॉस्कोत चौघे तुकडे करण्याची शिक्षा झाली. कॅथरीनच्या गुप्त सूचनेनुसार जल्लादाने आधी मान उडवली. ‘नकाझ’मधून प्रत्यक्षात उतरलेली दया ती एवढी. परतल्यावर दिदेरो यांनी ‘नकाझ’वर परखड टिपणे लिहिली. ती कॅथरीनच्या हाती पडली १७८४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर, आणि तिने ती बडबड म्हणून झटकून टाकली.

हॅब्सबर्ग घराण्यात हाच वाद आई आणि मुलांमध्ये झाला. मारिया थेरेसाने १७६८ मध्ये जी फौजदारी संहिता काढली तिच्यात यातनेची साधने कशी वापरावीत याच्या ताम्रपटावर कोरलेल्या आकृत्या होत्या : दोर कोठे बांधायचा, स्क्रू किती पिळायचा. खुद्द तिचा मंत्री काउनिट्झ याला त्या चित्रांची लाज वाटली. व्हिएन्नातील प्राध्यापक योझेफ फॉन झोनेनफेल्स यांनी यातनेविरुद्ध लिहिले, त्यांना या विषयावर बोलण्यास मनाई झाली, तरी त्यांचे टिपण १७७५ मध्ये झ्युरिकमध्ये छापले गेले. धर्मनिष्ठ सम्राज्ञीला हे सारे पटत नव्हते. पण मुलगा आणि सहशासक जोसेफ याच्या आग्रहाने जानेवारी १७७६ मध्ये तिने यातना रद्द केली.

मिलानच्या सेनेटचा मात्र विरोध कायम राहिला. तो विरोध शब्दांत मांडणारा सेनेटर होता गाब्रिएले वेर्री, म्हणजे पिएत्रो वेर्रीचा बाप. त्याच सुमारास पिएत्रो यातनेवर स्वतःचे पुस्तक लिहीत होता. १६३० च्या प्लेगमध्ये मिलानच्या न्यायालयाने निरपराध माणसांना यातना देऊन, त्यांनी भिंतींना रोगाचे विष फासले अशी कबुली कशी घेतली, याची ती मूळ कागदपत्रांवरून लिहिलेली हकीकत होती. बापाच्या सेनेटचाच तो पंचनामा होता. पिएत्रोने हस्तलिखित कपाटात ठेवले. ते १८०४ मध्ये, त्याच्याही मृत्यूनंतर, छापले गेले.

आता तोस्काना. तेथे १७६५ पासून मारिया थेरेसाचा तिसरा मुलगा पीटर लिओपोल्ड राज्य करत होता. हा माणूस आकड्यांत रमणारा, शांत आणि चिकाटीचा. सौम्य शिक्षा व दक्ष पोलीस यांच्या योगाने गुन्हे वाढत नाहीत, उलट कमी होतात, असा अनुभव त्याने आधी घेतला आणि मग ३० नोव्हेंबर १७८६ रोजी नवी फौजदारी संहिता जारी केली. यातना रद्द, मालमत्तेची जप्ती रद्द, राजद्रोह हा गुन्हाच रद्द, आणि मृत्युदंड पूर्णपणे रद्द. फाशीचे खांब नष्ट करण्याचा हुकूम सुटला. ज्या राज्यात बेकारिया यांचे निनावी पुस्तक छापले गेले होते तेथेच २२ वर्षांनी ते कायदा झाले. आधुनिक युरोपात कोणत्याही राज्याने कायद्याने मृत्युदंड पूर्णपणे काढून टाकल्याचे हे पहिले उदाहरण. त्याऐवजी आलेली शिक्षाही बेकारिया यांचीच : घोर अपराध्याने अनवाणी, पायात बेडी आणि अंगावर ‘अंतिम शिक्षा’ अशी पाटी घेऊन जन्मभर सार्वजनिक कामावर राबायचे.

व्हिएन्नात थोरल्या भावाने, जोसेफ दुसऱ्याने, याच हिशेबाची दुसरी टोकाची मांडणी केली. १७८७च्या त्याच्या संहितेत लष्करी कायदा वगळता मृत्युदंड नव्हता. युरोपभर वाहवा झाली. त्या जागी जे आले त्याचे नाव होते ‘जहाज ओढणे’. साखळीने एकमेकांना जखडलेल्या कैद्यांनी हंगेरीत डॅन्यूबच्या काठच्या दलदलीतून, गार पाण्यातून, प्रवाहाविरुद्ध मालाच्या नावा ओढायच्या. पाठविलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कैदी काही वर्षांतच मेले. जोसेफला ठाऊक होते. मृत्यू झटकन येतो आणि त्याचा धाक ओसरतो. कष्ट लांबतात आणि धाक टिकतो. मिलानच्या तरुणाने जे धाक म्हणून सुचवले होते ते सम्राटाने अक्षरशः अमलात आणले होते.

फेब्रुवारी १७९० मध्ये जोसेफ वारला आणि लिओपोल्ड तोस्काना सोडून व्हिएन्नाला गेला. सम्राट म्हणून त्याने त्याच वर्षी जहाज ओढण्याची शिक्षा बंद केली. आणि त्याच वर्षी जूनच्या अखेरीस, तोस्कानात धान्य आणि धर्म यांवरून दंगे उसळल्यावर, तेथे दंगलखोरांसाठी मृत्युदंड पुन्हा आणला. संहितेला चार वर्षेही झाली नव्हती.

मग या सगळ्याचे श्रेय विचारवंतांना द्यायचे की नाही? अमेरिकन कायदेइतिहासकार जॉन लँगबाइन यांनी १९७७ मध्ये असे मांडले की यातना मेली ती पुस्तकांमुळे नव्हे. गलबतांवरची वल्ही, सुधारगृहे, सक्तमजुरी अशा नव्या शिक्षा सतराव्या शतकापासून रुळल्या. त्यांना ‘पूर्ण पुरावा’ लागत नव्हता. त्यामुळे कबुलीची आणि पर्यायाने यातनेची गरजच आटत गेली. युक्तिवाद भक्कम आहे आणि फ्रेडरिकच्या १७४०च्या आदेशाचा उलगडा तो चांगला करतो. पण तुलूझला १७६२ मध्ये गरज आटली नव्हती, मिलानच्या सेनेटला १७७६ मध्येही ती हवीच होती. एखादी रीत निरुपयोगी होणे वेगळे आणि ती लाजिरवाणी वाटू लागणे वेगळे. दुसरी गोष्ट पुस्तकांनी आणि फर्नेच्या म्हाताऱ्याच्या पत्रांनी केली. सोळाव्या लुईने १७८० मध्ये आणि मग १७८८ मध्ये यातनेचे दोन्ही प्रकार फ्रान्समध्ये संपवले. १७८७ मध्ये प्रोटेस्टंटांना जन्म-विवाहाची कायदेशीर नोंद मिळाली. १७७८ मध्ये व्हॉल्टेअर अखेरचे पॅरिसला आले तेव्हा रस्त्यातल्या लोकांनी त्यांना नाटककार म्हणून नव्हे, तर ‘कलासचा माणूस’ म्हणून ओळखले होते.

बेकारिया मिलानमध्येच राहिले. दुसरे मोठे पुस्तक त्यांनी लिहिले नाही. सरकारी नोकरीत वजने-मापे, नाणी, धान्य यांची कामे पाहिली, अंगाने सुटले, मित्रांच्या थट्टेचा विषय झाले. लोंबार्डीचा फौजदारी कायदा सुधारण्यासाठी लिओपोल्डने एक आयोग नेमला, त्यावर त्यांचीही नियुक्ती झाली. १७९२ मध्ये मृत्युदंडाचा प्रश्न आला तेव्हा आयोगातील बहुसंख्य सदस्यांनी तो ठेवावा असे मत दिले. तिघांनी विरोधी मतपत्र जोडले. त्यांपैकी एक बेकारिया.

त्या मतपत्रात जुना हिशेब आहेच. पण एक मुद्दा असा आहे जो १७६४च्या पुस्तकात त्यांनी मांडला नव्हता. पुरावा कितीही पूर्ण असला तरी न्यायाधीश चुकू शकतात, आणि ही एकच शिक्षा अशी आहे की जी दिल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही.

ज्याँ कलासला निर्दोष ठरवून तेव्हा २७ वर्षे झाली होती.